जुळवाजुळव

लग्ने जुळविण्याच्या भानगडीत मी आजवर कधी पडलो नाही. दोन पत्रिका समोर मांडून छत्तिसांपैकी किती गुण जमतात याचा हिशेब करीत बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींकडे मी नेहमी दुरूनच, आणि काहीशा थट्टेच्या नजरेने पाहत आलो. त्या थट्टेचे प्रायश्चित्त मला उतारवयात घ्यावे लागेल, आणि तेही एका यंत्राच्या निमित्ताने, हे माझ्या स्वप्नीही नव्हते.

त्याचे असे झाले. २०२५ च्या दिवाळीपूर्वी एके रात्री आमच्या चिरंजिवांनी जेवता जेवता विषय काढला.

"बाबा, मला नवा कॉम्प्युटर हवा आहे. तयार नको, सुटे भाग आणून मीच जोडीन. त्याच्यावर व्हिडिओचं एडिटिंग नीट करता येईल." मग भाताचा एक घास पोटात गेल्यावर त्याने प्रामाणिकपणे पुस्ती जोडली, "आणि गेमही खेळता येतील."

माझ्या मनाने या दोन वाक्यांचा क्रम तत्काळ उलटा केला. एडिटिंग हे निमित्त. गेम हे खरे प्रयोजन! असे वाटण्याला पुरावाही होता. गेले कित्येक महिने रात्री दोन-दोन वाजता त्याच्या खोलीच्या दाराखालून निळसर उजेड येताना मी पाहिला होता. दार लोटून मात्र मी कधी काही विचारले नव्हते. मुलांच्या बाबतीत विचारण्यापेक्षा गृहीत धरणे हेच आम्हा बापांना अधिक सोयीचे वाटते.

तथापि बँकेतील एका ठेवीची मुदत नुकतीच भरली होती. एक लाख रुपयांची मर्यादा घालून मी होकार दिला, आणि वर एक अट घातली: यादीतील प्रत्येक वस्तू का हवी, हे त्याने मला समजावून सांगितले पाहिजे. ही अट घालण्यात माझा हेतू फारसा निर्मळ नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही. कोठे तरी तो अडखळेल आणि आतला गेम बाहेर पडेल, अशी माझी अटकळ होती.

तो अडखळला नाही. उलट मीच त्यात गुंतत गेलो. पहिला प्रश्न प्रोसेसरचा, म्हणजे यंत्राच्या मेंदूचा. त्याने एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर निवडला होता. हा प्रोसेसर ज्या मदरबोर्डावर बसावयाचा, त्यावर त्याच्या मापाचे सॉकेट हवे. २०२२ साली निघालेल्या या सॉकेटाला एएम५ म्हणतात, आणि त्यात १७१८ बारीक टोके असतात. प्रतिस्पर्धी इंटेल कंपनीच्या एका पिढीतील प्रोसेसरांचे सॉकेट १७०० टोकांचे. फरक अवघ्या अठरांचा. पण म्हणून एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर बसेल म्हणाल, तर ते नाव नको! छत्तीस गुण जमूनही गोत्र आड यावे, तशातलाच हा प्रकार.

रॅमच्या बाबतीतही तेच. घरातील जुन्या कॉम्प्युटरमध्ये डीडीआर४ जातीची रॅम होती. ती नव्यात बसवून चार पैसे वाचवावेत, असे मी सुचविले. तेव्हा त्याने मला तिच्या कडेची खाच दाखविली. नव्या डीडीआर५ रॅमची खाच थोडी सरकवलेली असते. एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. सासूच्या बांगड्या सुनेच्या हाताला न याव्यात, तसे हे आहे. शिवाय ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटच्या लांबीत मावले पाहिजे आणि प्रोसेसरवरील पंखा त्याच्या रुंदीत. रात्री जेवणानंतर कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन आम्ही दोघे बसू लागलो, तेव्हा सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून "मुहूर्त कधीचा?" असे विचारून घेतले.

परंतु या साऱ्यांहून मला अधिक मौजेचा वाटला तो गेम आणि एडिटिंग या दोन कामांतील भेद. गेममधले चित्र आधी काढून ठेवलेले नसते. खेळणाऱ्याने मान वळविली की त्या बाजूचा देखावा त्याच क्षणी रंगवावा लागतो. कोठे काय आहे हे प्रोसेसरने सांगायचे आणि चित्र ग्राफिक्स कार्डाने काढायचे. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील, तर एका चित्राला सेकंदाचा सुमारे साठावा भाग, म्हणजे सोळा-सतरा हजारांश सेकंद मिळतो. एवढ्यात जे जमले नाही ते फुकट. क्षण निघून गेला की त्या चित्राला कोणी विचारीत नाही.

एडिटिंगमध्ये चित्रे आयती असतात, पण तीही पुरती नसतात. जागा वाचावी म्हणून कॅमेरा बहुधा प्रत्येक चित्र संपूर्ण साठवीत नाही. मधूनमधून एखादे चित्र पूर्ण ठेवतो, आणि बाकीच्यांचे आजूबाजूच्या चित्रांहून काय बदलले, एवढेच टिपून ठेवतो. त्यामुळे मधल्याच एखाद्या क्षणावर कात्री लावायची म्हटले, की यंत्राला त्याच्या मागचेपुढचे धागे जुळवून तो क्षण पुन्हा उभा करावा लागतो. यंत्र दुबळे असेल, तर आधी साऱ्या चित्रणाच्या लहान, हलक्या नकला करून घेतात. काटछाट त्यांच्यावर करतात, आणि शेवटी मूळ चित्रण त्यांच्या जागी आणतात. थोडक्यात, एक काम तत्परतेचे आणि दुसरे चिकाटीचे. आणि आमच्या चिरंजिवांना हे दोन्ही गुण एकाच देहात हवे होते. माझ्या मनात आले, हा मुलगा पुढेमागे बायको शोधू लागला म्हणजे आपली धडगत नाही.

अशा यंत्रात एकच भाग अवाढव्य घेऊन भागत नाही. प्रोसेसर महाग आणि कार्ड स्वस्त घेतले, तर पहिला दुसऱ्याची वाट पाहत हात बांधून बसतो. उलट केले तर तीच गत कार्डाची होते. आणि पॉवर सप्लाय ही वस्तू तर कोणाच्या डोळ्यांतही भरत नाही. तो चित्र काढीत नाही की हिशेब करीत नाही. भिंतीतून आलेली वीज प्रत्येकाला सोसेल अशी करून मुकाट्याने वाटून देतो. पण तोच हलका निघाला, तर बिघडताना इतरांनाही घेऊन बुडायचा. यादीत साडेसहाशे वॅटचा एक चांगला पॉवर सप्लाय होता. तेथे हजार-दोन हजार वाचवायला मी सांगितले, तेव्हा मुलाने मान हलविली. ती हलविण्याची तऱ्हा मला आवडली.

दिवाळी गेली आणि डिसेंबरात आम्ही मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव या रस्त्याला पडले. आता पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी गिऱ्हाइकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. विद्यार्थिदशेत ट्रान्झिस्टर जोडण्यासाठी मी याच रस्त्यावरून सुटे भाग नेले होते. तो वाजू लागला, तेव्हा माझ्या वडिलांनी "बातम्या लागतात का?" एवढेच विचारले होते.

दुकानात गेल्यावर आमच्या यादीचा बोजवारा उडाला. मधल्या काळात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी जगभरची रॅम ओढून घेतली होती, आणि बाजारात तिचे भाव भडकले होते. नऊ-दहा हजार धरलेल्या ३२ जीबी रॅमची किंमत दुपटीच्याही वर गेली होती. लाखाची मर्यादा राखायची, तर कशाला तरी कात्री लावणे भाग होते.

मी मुद्दामच गप्प राहिलो. हीच ती वेळ, असे मला वाटले. रॅम एडिटिंगची आणि कार्ड गेमचे, एवढे ज्ञान मला झाले होते. आता हा कोणाला सोडतो, ते पाहू!

"रॅम कमी करू या," तो शांतपणे म्हणाला. "सोळा-सोळाच्या दोन स्टिकऐवजी एकच घेऊ."

"आणि कार्ड?"

"कार्ड तेच राहू दे."

गुन्हेगार सापडल्याचा मला जो आनंद झाला, तो बापाला शोभणारा नव्हता. "म्हणजे अखेर गेमच ना?" मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "बाबा, रॅमची दुसरी स्टिक सहा महिन्यांनी बसवता येते. तोवर काम थोडं सावकाश होईल, एवढंच. कार्ड काही अर्धं आज आणि अर्धं उद्या घेता येत नाही. आणि मी रिझॉल्व्हवर काम करतो. त्यात रंगांचं बरंचसं काम कार्डच करतं. दुसऱ्या स्टिकचे पैसे स्टुडिओवाल्या काकांकडून मिळतील, त्यातून घेईन."

"कुठले स्टुडिओवाले काका?"

आणि मग त्या दुकानाच्या फळीशी, खोक्यांच्या गराड्यात उभा राहून मी माझ्याच मुलाची हकीकत ऐकली. गेले आठ महिने तो आमच्या भागातील एका छायाचित्रकाराला लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देत होता. जुन्या लॅपटॉपवर सारे चित्रण हलके करून घ्यायचे, काटछाट करायची, आणि रात्री अखेरचा व्हिडिओ तयार करायला लावायचा. लॅपटॉप तापून मध्येच बंद पडे, म्हणून उशाशी घेऊन जागायचे. दाराखालून येणारा निळसर उजेड तो हाच.

"मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, लग्नाचे व्हिडिओ बघतो कोण!"

मला ते आठवले. अगदी याच शब्दांत मी म्हणालो होतो, आणि वर्तमानपत्राचे पान उलटले होते. "बातम्या लागतात का?" या प्रश्नाचा इतकी वर्षे मनात जपलेला राग मी त्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरच सोडून आलो. दुकानदाराने, वादाचा निकाल लागला असे समजून, बिल करायला घेतले.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जोडणीला प्रारंभ झाला. मुलाने आधी लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली वीज घालविली. सॉकेटची दांडी उचलून प्रोसेसर नुसता अलगद ठेवला. तेथे जोर करायचा नसतो. त्यावर वाटाण्याएवढे थर्मल पेस्ट, त्यावर पंखा. दुपारपर्यंत सगळ्या तारा लागल्या आणि त्याने बटण दाबले. पंखे फिरू लागले. पडदा मात्र काळा तो काळाच.

एक मिनिट गेले, दुसरे गेले. लाख रुपयांचा तो ठोकळा नुसता वारा घालीत होता. "तरी मी म्हणत होतो, तयार घे" हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. पण डिसेंबरातला तो दिवस अजून ताजा होता, मी ते गिळले आणि विचारले, "असं का रे होतंय?"

"नवी रॅम आहे. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड तिची परीक्षा घेतो, कुठल्या वेगानं ती नीट चालेल ते ठरवतो. तोवर पडदा काळाच राहतो. थांबू या."

आम्ही थांबलो. आणखी थोड्या वेळाने पडदा उजळला, आणि त्यावर एकेका भागाचे नाव उमटले. रॅमच्या समोर १६ होते. दुसरी जागा अजून रिकामी आहे.

परवा रात्री दीड वाजता तहान लागून उठलो, तर त्याच्या दाराखालून तोच निळसर उजेड येत होता. या वेळी मी दार लोटले.

"आज कोणाचं लग्न?" मी विचारले.

"लग्न नाही, बाबा," तो ओशाळून हसत म्हणाला, "आज गेम आहे."

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. सेकंदाला साठ चित्रे कशी दिसतात, ते मलाही एकदा पाहायचे होते.