हात सोडून हरिपूर

हात सोडून सायकल चालवणारा माणूस तोल जाऊन पडतो, असं ज्यांनी कधी हात सोडलेले नाहीत त्यांना वाटतं. तोल जाऊन पडतात ते शिकाऊ. त्यांचा वेग कमी असतो, पाय टेकवता येतो, गुडघा खरचटतो आणि विषय संपतो. ज्याला हात सोडून चालवणं छान जमतं, तो पडतो तेव्हा कारण निराळंच असतं आणि मारही जबर बसू शकतो. हे मी पाहिलंय, एकदा सांगलीत लहानपणी आणि एकदा गेल्या वर्षी, तेही सांगलीतच.

सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता त्या काळी, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, आम्हा पोरांचं मैदान होता. दोन्ही बाजूंना जुनी चिंचेची झाडं, चढ नाही, उतार नाही, आणि रहदारी म्हणजे एखादी बैलगाडी, एखादी एस.टी. शाळा सुटली की मामेभावाची टोळी बावीस इंची काळ्या सायकली काढून निघायची ती थेट संगमेश्वराच्या देवळापर्यंत, कृष्णा-वारणेच्या संगमावर. वाटेत सगळ्यांचे हात सुटलेले. कुणी डोक्यामागे बांधलेले, कुणी खिशात, कुणी चिंचा सोलतोय. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, दोन्ही हातांनी भांग पाडायचा. खिशातली छोटी कंगवी काढून, सावकाश, आरसा समोर असल्यासारखा.

मी मागून लेडीज सायकलवर. मलाही ते आलं पाहिजे होतं. शिकवायला कुणी तयार नव्हतं, कारण पोरगी पडली तर उत्तर कोण देणार? तेव्हा बघून बघून शिकले. वेग आधी घ्यायचा, हळू सायकलवर हात सोडता येत नाहीत. मग पाठ ताठ करून सीटवर मागे सरकायचं. बोटं हँडलवर नुसती टेकवलेली ठेवायची, धरायचं नाही. नजर चाकाकडे गेली की संपलं. लांब, पुढच्या चिंचेकडे बघायचं. पाय थांबवायचे नाहीत. आणि बोटं उचलायची ती खांद्याला कळू न देता. वळायचं असेल तर कंबर त्या बाजूला किंचित टाकायची, सायकल आपण होऊन वळते.

ती खरंच आपण होऊन वळते, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. आणि त्या आनंदात घरी पोचले तर माझ्या आधी बातमी पोचलेली. मुलाने हात सोडले तर त्याला ‘काय चालवतो!’ म्हणायचे, मुलीने सोडले तर कुणीतरी आत्या, कुणीतरी मास्तर, स्वतःची वाट वाकडी करून आमच्या दारात हजर. आईने विचारलं, ‘हँडल काय शोभेला दिलंय?’

त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. आज आईला सांगितलं असतं की तोल सांभाळायला हँडल तू समजतेस त्यापेक्षा पुष्कळ कमी लागतं. पण ब्रेक हँडलवर आहेत.

पुढे माझ्या सायकलला पुढची बास्केट बसवली, दप्तरासाठी. बास्केट हँडललाच अडकवलेली. त्या दिवसापासून हात सोडले की सायकल मानेला झटके दिल्यासारखी डावी-उजवी करायला लागली. आधी वाटलं चाकाचा आउट असेल, म्हणजे चाक वाकडं फिरत असेल. पेठेत एक चाचा होते, दुकान म्हणजे एक पत्रा, एक पाण्याची परात आणि एक हवेचा पंप. त्यांनी चाक फिरवून बघितलं, आउट नव्हता. मग त्यांनी दप्तर काढून माझ्या हातात दिलं, सायकल सांगाड्याला धरून पुढचं चाक अधांतरी केलं, आणि अख्खी सायकल एका बाजूला कलती केली. हँडल त्या बाजूला अलगद पडलं. दुसऱ्या बाजूला कलती केली, तिकडे पडलं. ‘हँडल मोकळं आहे,’ ते म्हणाले, ‘वजन काढ पोरी. सगळं ओझं मागं कॅरिअरला.’

मग शेजारी उभी असलेली एक जुनी सायकल घेऊन तीच गंमत तिच्यावर करून दाखवली. हँडल मधोमध येऊन अडकलं, जणू कुणी खाच पाडलीय. खाच खरंच पडलेली असते. खड्ड्यांचे दणके खाऊन हँडलखालच्या वाटीत छर्ऱ्यांचे वण उमटतात, आणि छर्रे सरळ दिशेला त्या वणांत जाऊन बसतात. मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, कारण त्याचे हात नकळत जोर लावून काम भागवत असतात. ज्या दिवशी तो हात सोडेल, त्या दिवशी सायकल त्याला नाल्यात नेईल, हे चाचांचं म्हणणं.

त्याचं कारण सोपं आहे, आणि सुंदरही. चालती सायकल डावीकडे कलली की पुढचं चाकही डावीकडे वळतं, त्यामुळे चाकं पुन्हा सांगाड्याच्या खाली येतात आणि सायकल उभी राहते. हे एकसारखं, बारीक बारीक चालू असतं. हँडल जाम असेल तर ते बंद पडतं. हँडलला पिशवी लोंबत असेल तर पिशवीचा झोका चाक वळवतो, आणि पिशवीचा बंद आऱ्यांत गेला तर पुढचं चाक जागच्या जागी अडकतं; मग माणूस हँडलवरून पलीकडे. उतारावर आणखी एक प्रकार होतो. दंडोबाच्या डोंगरावरून येताना आमच्यातल्या एकाची सायकल हात सोडताच थरथरायला लागली, बघता बघता हँडल दिसेनासं झालं इतकं. त्याने दोन्ही गुडघे मधल्या दांडीला आवळले आणि थरथर थांबली. कुणी शिकवलं नव्हतं, घाबरून आवळले इतकंच. पण उपाय तोच आहे. माझ्या लेडीज सायकलला ती दांडीच नव्हती, त्यामुळे उतारावर हात सोडण्याच्या वाटेला मी कधी गेले नाही.

आता दादाचं सांगते.

डिसेंबरचे दिवस, कारखान्यांचा गळीत हंगाम. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाजूंना लोंबणारे ऊस. सायकलवरून ट्रॉलीचा ऊस ओढणं हा सांगली-कोल्हापूरकडचा पोरांचा जन्मसिद्ध हक्क समजला जायचा. दादाने ऊस ओढला, ट्रॉली पुढे गेली, आणि त्याने हात सोडून दोन्ही हातांत तो आडवा धरला आणि दातांनी सोलायला घेतला. मी मागे होते. वेग फार नव्हता. रस्त्यावर नेहमीसारखी वाढं पडलेली, उसाच्या कांड्या पडलेल्या. त्यातली एक हातभर कांडी त्याच्या चाकाखाली तिरकी आली. कांडी गोल, ती सरकली. चाक तिच्याबरोबर बाजूला गेलं, हँडल फाटकन आडवं झालं आणि दादा डाव्या खांद्यावर आपटला.

माझ्या डोळ्यांसमोर आजही राहिलंय ते त्याचे हात. जमिनीला लागेपर्यंत त्याने ऊस सोडला नव्हता. आणि उसाचं टोक तोंडात होतं.

टाळूला जखम झाली, ती पाहून मामी रडली, पण खरं मोडलं होतं खांद्याचं हाड, गळ्याखालचं, हासळी. मिरजेला नेलं. डॉक्टरांनी आधी त्याच्या मनगटाशी, अंगठ्याच्या मुळाच्या खळगीत बोट दाबून विचारलं, ‘इथं दुखतं?’ नाही म्हणाल्यावर म्हणाले, ‘हात टेकला नाहीस तर.’ माणूस पडताना हात टेकवतो तेव्हा मनगटातलं होडीच्या आकाराचं एक बारीक हाड मोडू शकतं. ते पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही आणि त्याला रक्ताचा पुरवठा उलट्या बाजूने येत असल्याने भरून यायला वेळ लागतो. दादाचे हात उसात गुंतले होते म्हणून मनगट वाचलं आणि सगळा भार खांद्याने घेतला. आठाच्या आकड्यासारखा पट्टा बांधून तो उशांना टेकून बसून झोपायचा. भांग मामी पाडायची.

हँडल हातात असतं तर? कांडी तेव्हाही आली असती. पण हातात असलेलं हँडल झटका शोषतं, आणि मुळात ब्रेक दाबता येतो. हिशेब करून बघा. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ताठ बसलेल्या माणसाने वाकायचं, हँडल पकडायचं, बोटं ब्रेकवर न्यायची, यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच ५ मीटर संपले. हात रिकामे असतील तर. त्यांत ऊस, कंगवी किंवा डोक्यातून अर्धवट काढलेला स्वेटर असेल तर मोजूच नये.

हे पोरांपुरतं नाही. क्रिस फ्रूमने टूर द फ्रान्स चार वेळा जिंकली होती. १२ जून २०१९ रोजी फ्रान्समध्ये रोआनजवळ शर्यतीच्या आधी रस्ता पाहून घेताना त्याने नाक शिंकरायला हँडलवरचा हात काढला. एकच हात. वाऱ्याचा झोत आला, चाक फिरलं आणि तो भिंतीवर गेला. मांडी, कोपर, बरगड्या मोडल्या. तो पुन्हा सायकलवर आला, शर्यतींतही उतरला, पण टूर पुन्हा त्याच्या हाती लागली नाही. आणि ज्याचं हाड मोडलं नाही पण हात सोडल्याने सगळं गेलं, असाही एक आहे. जर्मनीचा एरिक झाबेल. २००४ ची मिलान-सान रेमो. ही शर्यत त्याने आधी चार वेळा जिंकलेली. पाचवीही जिंकली असं समजून त्याने रेषेच्या जरा अलीकडे हात वर केले, आणि शेजारून स्पेनच्या ऑस्कर फ्रेरेने चाक पुढे काढलं. याला जोखीम म्हणावं की नाही, वाचकांनी ठरवावं. मला तो फोटो बघून दरवेळी दादाची कंगवी आठवते.

माझी मुलगी शिकायला नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला गेली, आणि मी तिच्याकडे गेले तेव्हा रस्त्यात उभी राहून बघतच राहिले. विद्यार्थी, आज्या, ऑफिसला जाणारी कोटातली माणसं, थंडीत हात खिशात घालून सायकलवर. तिथे २०१९ च्या जुलैपासून सायकलवर मोबाईल हातात धरायला बंदी आहे, पण खिशात हात घालून चाललेल्यांकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. शेजारच्या जर्मनीत मात्र हात सोडून सायकल चालवायला वाहतुकीच्या नियमांतच मनाई आहे.

मुलगी म्हणाली, ‘तुझी हरिपूरची सायकल का पडत नव्हती, ते आमच्याच युनिव्हर्सिटीत शोधलंय.’ पूर्वी समजूत अशी होती की फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे आणि पुढच्या चिमट्याच्या तिरकेपणामुळे सायकल उभी राहते. डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या लोकांनी मिळून एक विचित्र, माणसाविना धावणारी सायकल बनवली. इवलीशी चाकं, त्यांच्यावर उलटी फिरणारी दुसरी चाकं, म्हणजे भोवऱ्याचा गुण वजा. चिमट्याचा फायदाही काढून टाकलेला. ढकलली, तरी ती स्वतःला सावरत गेली. २०११ साली ते ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आलं. पुढच्या भागातलं वजन कुठे आहे, यावरही सगळं अवलंबून असतं, हा त्यातला एक धागा. मला माझी बास्केट आठवली. चाचांनी ते एका वाक्यात सांगितलं होतं.

पण तिथल्या बिनधास्तपणाचं खरं कारण मला मुलीची सायकल चालवताना सापडलं. तिथल्या कितीतरी साध्या सायकलींना ब्रेक पायात असतो. पॅडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. त्यांचे हात खिशात असतात, ब्रेक नाही. शिवाय रस्ता गुळगुळीत, सायकलींसाठी वेगळा, आणि त्यावर उसाची कांडी नाही. आमचं हात सोडणं आणि त्यांचं हात सोडणं दिसायला सारखं, पण दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

गेल्या वर्षी मुलगी सुट्टीला घरी आली. माझी सायकल काढून सांगलीतल्या विश्रामबागच्या बाजूला गेली, मी मागून चालत. मोकळा रस्ता मिळताच तिचे हात सुटले, जॅकेटच्या खिशात गेले. झकास चालली होती, मला हेवा वाटला. तेवढ्यात गल्लीतून एक कुत्रं आडवं आलं. ती जराही गोंधळली नाही. डेल्फ्टमध्ये करायची तेच केलं, पॅडल उलटं दाबलं. पॅडल उलटं फिरलं, कटकटकट आवाज करत, आणि सायकल आपल्या वेगाने चालत राहिली. हात खिशातून निघून ब्रेकवर पोचेपर्यंत कुत्रं पळून गेलं होतं आणि पुढे भाजीची हातगाडी आली होती.

लागलं नाही फारसं. टोमॅटोंनी वाचवलं. गाडीवरच्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘आगं बया, बिरेक कुठं हाय तुझा?’

‘पायात,’ मुलगी म्हणाली.

मावशींनी तिच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी टोमॅटोचे पैसे दिले. चेंबलेले सगळे त्यांनी पिशवीत भरून माझ्याच हातात दिले, आमटीत चालतात म्हणाल्या, आणि पिशवी हँडलला अडकवू नका असंही बजावलं.