चढ संपला, गिअर बदल

अब्बांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीत गाडीचा वेग दाखवणारा काटा आहे, इंजिनाचे फेरे दाखवणारा नाही. ते काम अब्बांचा कान करतो.

आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. मागच्या रविवारी अब्बांना घेऊन नांदेडहून लातूरला निघालो. लेक तिथं वसतिगृहात राहून नीटची तयारी करते. चाचणीत गुण घसरले, तेव्हा फोनवर आम्ही एवढंच म्हणालो होतो, "अजून दोन तास वाढव."

लोह्याच्या पुढं बालाघाटचा चढ लागला. स्टिअरिंगजवळची दांडी ओढून तिसरा गिअर टाकला. गाडी निमूट चढली. पुढं सपाटी आली तरी गिअर तोच. इंजिन किंचाळत होतं आणि काटा पन्नासावर.

अब्बा म्हणाले, "चढाव खतम हुआ ना? अब गियर बदल."

चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टचाही एकच फेरा. तिसऱ्यात तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला सुमारे दीडपट फिरावं लागतं. चढावर त्यातून ताकद मिळते. सपाटीवर मात्र पेट्रोल जळतं आणि इंजिनाला उगाच शीण.

चौथा टाकला. वेग तोच राहिला, आवाज निवला.

अहमदपूर येईपर्यंत आम्ही गप्पच होतो. बी.एड. केलं, इतरांची मुलं शिकवली, आणि आपल्या लेकीला मात्र सपाटीवरही खालच्या गिअरमध्ये पळवत राहिलो.

लातूरला ती फाटकाशी आली. डोळ्यांखाली काळं. "किती तास झाले?" हा रोजचा सवाल ओठांवर आला होता, तो गिळला.

"बेटा, झोप होते का?"

ती काही बोलली नाही. अब्बांच्या खांद्यावर तिनं डोकं टेकवलं.