लांब कानांचा प्रश्न

आमच्या घराण्यात आजवर कोणी कुत्रा 'पाळला' नाही. कुत्रे आमच्याकडे राहत आले, ही गोष्ट वेगळी. आजोबा जागलीला जात तेव्हा शेतात दोन-तीन असत. बाबा जातात तेव्हाही असतात. रात्री रोह्यांच्या आणि रानडुकरांच्या मागे ते धावतात, सकाळी अर्धी भाकर खातात आणि दिवसभर बांधावरच्या बाभळीखाली पडून असतात. त्यांना नावे असतात, पण मालक नसतो. एखादा मेला तर बाबा दोन दिवस कमी बोलतात, एवढेच. पैसे मोजून, गाडीभाडे खर्चून, जात विचारून कुत्रा आणायचा, ही कल्पना आमच्या दारात यंदा प्रथमच आली. आणि ती आणली आमच्या आईने.

आई एका साहेबांच्या बंगल्यावर तीन वर्षे धुण्याभांड्याला होती. त्यांच्याकडे एक सोनेरी रंगाची कुत्री होती. कान एवढे लांब की पाणी प्यायला लागली की तेच आधी भिजत. नावाने ब्राउनी, जातीने कॉकर स्पॅनिअल. ब्राउनीला विंचरणे, तिचे कान पुसणे, पंजांतली कुसळे काढणे ही कामे कोणी सांगितली नव्हती. ती हळूहळू आईच्या अंगावर आली आणि पुढे तिला ती कामे वाटेनाशी झाली. मागच्या वैशाखात साहेबांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये गेले, ब्राउनी मोटारीत गेली. आईला दुसऱ्या दोन घरांचे काम मिळाले.

पुढे आषाढात एका संध्याकाळी, बी. ए. झाल्यावर एम. ए.साठी अमरावतीला वसतिगृहात राहावे लागेल असे मी सहज बोलून गेले. आई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकर उलटून ती म्हणाली, "मंग आपनही एक तसं कुत्रं आनू का व?"

माझ्या आईने आजपर्यंत स्वतःसाठी काही मागितलेले मला आठवत नाही. पोळ्याला लुगडे घ्यायचे ठरले तरी ती आजीचे आधी पाहते. म्हणून घरात या प्रश्नाने जी खळबळ उडाली ती कुत्र्यापेक्षा मागणाऱ्या माणसामुळे अधिक होती.

बाबांचा पहिला आक्षेप व्यावहारिक. "हे कानवालं कुत्रं रोह्याले काय भेव दाखवन?" दुसरा पैशाचा. त्यावर आई एवढेच म्हणाली की कार्तिकात तिची भिशी लागते. आजीचा आक्षेप धार्मिक होता. मी तिला नामदेवांची गोष्ट सांगून पाहिली. कुत्र्याने पोळी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले! आजी शांतपणे म्हणाली, "नामदेवानं तूप देल्लं व पोरी, घरात नाई घेतलं." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या प्राध्यापकांजवळही असेल असे वाटत नाही.

शेवटी ठरले की मी 'वाचून पाहावे'. घरातली पहिली शिकलेली मुलगी असल्याचा हा एक तोटा आहे. युरियाच्या पोत्यावरील मजकुरापासून ते दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत सारे माझ्याकडे येते. त्यात आता स्पॅनिअलची भर पडली.

वाचायला बसल्यावर समजले की स्पॅनिअल ही एक जात नसून ते एक मोठे कूळच आहे. हे नाव 'स्पेन' या देशावरून पडले असावे असे मानतात. या कुळाचे मूळ काम शिकाऱ्यापुढे झाडोऱ्यात शिरून पक्षी उठवण्याचे. कॉकर हे नाव वुडकॉक नावाच्या पक्ष्यावरून आले. आणि पक्ष्याला दचकवून उडवणारा तो स्प्रिंगर. पूर्वी एकाच वेतातल्या लहान पिलांना कॉकर आणि थोराडांना स्प्रिंगर म्हणत. म्हणजे सख्खी भावंडे केवळ उंचीवरून दोन जातींची ठरत! माणसांनी काढलेल्या जाती कशा असतात याचा हा नमुना आहे. पण तो विषय आमच्या समाजशास्त्राच्या सरांचा.

वाङ्मयाची विद्यार्थिनी असल्याने मला सर्वांत जवळचा वाटला तो एलिझाबेथ बॅरेटचा फ्लश. ही इंग्रज कवयित्री आजारी होती, वर्षानुवर्षे लंडनच्या एका खोलीत पडून असे. भाऊ समुद्रात बुडून गेलेला. त्या दुःखात मेरी मिटफर्ड या लेखिकेने तिला एक कॉकर भेट दिला. लंडनचे चोर तो पळवून नेत आणि ती खंडणी भरून त्याला सोडवून आणी. १८४६ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न करून ती इटलीला गेली, तेव्हा फ्लशही बरोबर होता. १९३३ साली व्हर्जिनिया वूल्फने या कुत्र्याचे चरित्रच लिहिले. हे सगळे मी घरी सांगितले. आई म्हणाली, "म्हंजे ते बाई एकलीच राहे खोलीत." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. बाबांनी खंडणीची रक्कम विचारली.

असो. कवितेने कुत्रा निवडता येत नाही. आमचे घर टिनाचे, खोल्या दीड. गाव दर्यापूर. २०२४ च्या मे महिन्यात शेजारच्या अकोल्यात पारा ४५ अंशांवर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना उन्हापायी १४४ कलम लावावे लागले होते. ते ऊन आमच्यावर काही कमी नव्हते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तो तोंडाने धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतो. तेव्हा विलायती थंडीत घडलेल्या या कुळातले कोण आमच्या टिनाखाली तगेल, हाच खरा प्रश्न होता.

स्प्रिंगर मी प्रथम बाजूला ठेवला. कुत्रा गुणी आहे यात शंका नाही. जगभर पोलीस त्याच्याकडून वास घेण्याचे काम करून घेतात. पण उंची हातभराहून थोडी अधिक, वजन वीस-पंचवीस किलो, आणि रोज दोन-दोन तास पळवले नाही तर तो घर उकरील. त्यातून आमच्याकडे तितर-लावे भरपूर. पक्षी उठवण्यासाठीच जन्मलेले नाक तुरीच्या शेतात सोडले तर ते परत कसे यायचे? पक्षी मारायला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे. बिचाऱ्याचा जन्म नुसता हुंगण्यात जायचा.

कॅव्हेलिअर किंग चार्ल्स चित्रात पाहून आजीलासुद्धा आवडला. लहानखुरा, सहा ते आठ किलोंचा, डोळे अगदी लेकरासारखे. याची कथाही मजेची. जुन्या चित्रांत राजेलोकांच्या पायाशी लांब नाकाचे छोटे स्पॅनिअल दिसतात. पुढे चपट्या नाकाची हौस आली आणि ते मागे पडले. १९२६ साली एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थाने क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात जुन्या वळणाच्या कुत्र्यांसाठी २५ पौंडांचे बक्षीस लावले. त्यातून ही जात पुन्हा उभी राहिली आणि १९४५ मध्ये तिला मान्यता मिळाली. परंतु थोड्या कुत्र्यांपासून वाढवलेल्या या वंशात हृदयाच्या झडपेचा विकार फार, आणि मेंदूला कवटी अपुरी पडण्याचे दुखणेही. २०२२ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने या जातीची पैदास प्राण्यांच्या कायद्याविरुद्ध ठरवली. एवढे ऐकून आई म्हणाली, "नको. पाह्यत राहा लागते मंग रोज, की आज हाये का उद्या." कॅव्हेलिअरचे प्रकरण मिटले.

राहिले दोन कॉकर. अमेरिकन आणि इंग्रज. अमेरिकेत १९४६ साली हे दोघे कायमचे वेगळे मानले गेले. अमेरिकन कॉकरचे डोके गोल, नाक आखूड आणि केस जमिनीला टेकतील असे. निक्सनसाहेबांनी १९५२ च्या भाषणात ज्या 'चेकर्स'चे नाव घेऊन आपली उमेदवारी वाचवली, तोही कॉकर. राजकारणात तो उपयोगी असेल, पण आमच्या गल्लीत नाही. आमची माती काळी. पावसाळ्यात ती माणसाच्या चपलेला किलोकिलोने चिकटते. ती या केसांत गेली म्हणजे रोज आंघोळ, आणि आम्ही खारपाण पट्ट्यातले. विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, कूलरच्या जाळीवर पांढरा खर चढतो. नळाचे शहानूरचे पाणी कुत्र्याच्या आंघोळीला काढायचे म्हटले तर शेजारणी आम्हाला गावाबाहेर काढतील.

इंग्रज कॉकरचे नाक त्या मानाने लांब, त्यामुळे धापा टाकायला तो बरा. उंची सव्वा फुटाच्या आसपास, वजन तेरा ते पंधरा किलो. केस कमी असलेल्या, शेतात काम करणाऱ्या वळणाचा मिळाला तर उत्तमच. जुन्या पुस्तकांतून याची शेपटी आखूड दिसते ती जन्माची नव्हे, कापलेली असते. आम्हाला अख्खी हवी. ती हलली म्हणजे मागचा अर्धा देह हलतो, असे आई सांगते.

इथपर्यंत मी पुस्तकातले आईला सांगत होते. यापुढे उलटे झाले.

कानाविषयी पुस्तकात दीड पान होते. लोंबत्या कानाच्या आत हवा जात नाही, ओल राहते, बुरशी धरते, वेळीच न पाहिल्यास कान कायमचा जातो, वगैरे. मी ते शब्दकोश उघडून एकेक ओळ लावत वाचून दाखवत होते. आई मध्येच म्हणाली, "त्याच्या आंधीच वास येते." ब्राउनीच्या कानाला आंबूस वास येऊन राहिला आहे हे तिने बाईसाहेबांना चार दिवस आधी सांगितले होते, तोवर कुत्री डोकेदेखील झटकत नव्हती. डॉक्टरांनी नंतर तेच सांगितले. मग ती बोलतच गेली. आंघोळ घालताना कानात कापसाचा बोळा हवा, पण तो मोठा, आत सरकणार नाही असा. काडी कधी घालायची नाही. जेवताना जुन्या ओढणीच्या पट्टीने कान डोक्यावर बांधायचे आणि खाणे तोंडाने अरुंद अशा गंजात द्यायचे, म्हणजे कान बाहेर राहतात. कानाच्या आतल्या बाजूचे केस कात्रीने कमी करायचे. उन्हाळ्यात अंगाचे मात्र पार भादरायचे नाहीत, कातडी भाजते. पोळा झाला की कुसळीच्या गवताला कुसळे येतात, तेव्हा रोज रात्री चारी पंजे बोटाबोटांतून चाचपायचे. एक कुसळ आत गेले की ते परत फिरत नाही, पुढेच जाते. गोचीड चिमटीत धरून सरळ ओढायचा, पिळायचा नाही. आपल्या वरणात कांदा-लसूण असतो, म्हणून तिचे वेगळे शिजवायचे. पुस्तकात हे सगळे होते. पण गोचीड बसतो तिथला केस आधी थोडा उभा राहतो, हे नव्हते.

मी वहीत लिहून घेतले. आईला सही करता येते, त्याहून फारसे लिहिता येत नाही. तिच्या तोंडचे कोणी वहीत लिहून घेत आहे असे तिने बहुधा प्रथमच पाहिले; एकदा थांबून म्हणाली, "हे कायले लिहतं?" आणि मग जरा हळू सांगू लागली.

मध्यंतरी एका मावसभावाने सुचवले की पामेरियन घ्या, स्वस्त पडतो. आपल्याकडे पांढरे केसाळ कुत्रे दिसले की त्याला पामेरियनच म्हणतात; पुष्कळदा तो असतो इंडियन स्पिट्झ, १९९४ च्या 'हम आपके है कौन'मधल्या टफीचा भाऊबंद. आपल्या हवेला तो खरोखर सोसतो आणि पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला मी तरी तो आधी सुचवीन. आई म्हणाली, तो भुंकतो लय. दुसऱ्या एकाने विचारले, विलायतीच कशाला, गल्लीतला का नको? गल्लीतला काळ्या आमच्या ओट्यावरच झोपतो आणि आई त्याला रोज भाकर घालते. "तो तं आपला हायेच," ती म्हणाली. त्याचा या प्रश्नाशी काय संबंध हे तिला शेवटपर्यंत कळले नाही.

पिलू घ्यायचे की मोठे, हा वाद थोडक्यात आटोपला. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. मी फोन लावले तेव्हा कोणी बारा हजार सांगे, कोणी पंचवीस. नोंदणीचा विषय काढला की आवाज बदले. आई दाखवाल का, म्हणजे पिलाची, असे विचारले की फोन बंद. पिलाला लसी, रेबीजची सुई, तीन-तीन वेळा खाणे, आणि आई तर सकाळी आठ ते एक कामावर. आजी घरी असते, पण तिचे गुडघे पिलामागे धावायचे नाहीत. मोठी, शांत, शिकलेली कुत्री असेल तर आजीच्या खाटेजवळ बसेल. कॉकरला एकटेपणा सोसत नाही, त्याला माणूस लागते. ते आजीच्या रूपाने आहे. आणायची ती दसऱ्यानंतर, म्हणजे टिनाखालच्या पहिल्या उन्हाळ्याआधी तिला चार महिने मिळतील. कान बिघडलेच तर अकोल्याला पशुवैद्यकांची मोठी संस्था आहे, एसटीने जाता येते.

अकोल्यातच एका घरी तीन वर्षांची कॉकर मादी देणे आहे असे कळले. त्यांच्याकडे तान्हे मूल आले, कुत्रीकडे पाहायला वेळ नाही. मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी सभ्यपणे पण एकामागून एक प्रश्न विचारले. घर स्वतःचे आहे का? खोल्या किती? एसी की कूलर? आधी कुत्रा पाळला आहे का? वडील काय करतात? मी खरी ती उत्तरे देत गेले आणि प्रत्येक उत्तरासरशी पलीकडचा आवाज थोडा थोडा दूर जात होता. "बरं, कळवते," असे त्या म्हणणार हे मला ऐकू येऊ लागले होते.

तेवढ्यात आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारले, "बाई, यंदाच्या पान्यात तिचा कोनता कान आल्ता? डावा का उजवा?"

पलीकडे क्षणभर काही नाही. मग त्या बाई बोलू लागल्या. डावा, दोनदा. औषध घातले, बरा झाला, पुन्हा आला. आईने वासाचे विचारले, खाण्याचे विचारले, कान बांधून जेवू घालता का ते विचारले. तिकडून 'नाही' आले असावे, कारण आईने पट्टी कशी बांधायची ते सांगायला घेतले. अकरा मिनिटे दोघी बोलत होत्या. खोल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

रविवारी पाहायला बोलावले आहे. बाबा येतो म्हणत नाहीत, पण पहिली गाडी किती वाजता लागते ते त्यांनीच स्टँडवर जाऊन विचारून आणले. देण्याघेण्याचे अजून काहीच ठरलेले नाही. भिशीला महिना अवकाश आहे आणि त्या बाई काय म्हणतील ते म्हणतील. आईने पिशवीत जुन्या ओढणीची पट्टी, कंगवा आणि यंदाच्या पहिल्या वेचणीतला, सरकी काढलेला मूठभर कापूस घालून ठेवला आहे.