आई प्रश्न कसा विचारते

माझी आई बीड जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. गरिबी ओळखायची म्हटलं की मला रकाने आठवतात: उत्पन्न, वजन, उंची. आईकडेही ते आहेत. २०२१पासून तिच्या मोबाईलवर पोषण ट्रॅकर आहे. पण तिचं खरं काम रकान्याच्या अलीकडे होतं.

लेकराच्या दंडाला पट्टी लावली आणि घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला, की पट्टी लाल दाखवते. आई तो आकडा चार बायांसमोर वाचत नाही. लेकराच्या आईला बाजूला घेऊन म्हणते, "या महिन्याला जरा मागं राहिलंय गं. आपण दोघी बघू." 'खायला घालत नाहीस का' असं ती विचारत नाही. उत्तर तिला ठाऊक असतं. शिवाय एकदा शरमलेली बाई पुढच्या महिन्यात येत नाही, आणि मग लेकरूही येत नाही.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसं निघतात. मुकादमाची उचल कशात गेली, हे आई विचारत नाही. लसीचं कार्ड विचारते, प्लास्टिकच्या पिशवीत घालून देते.

तारा‍बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हे नाव त्यातलं. सरकारी योजना १९७५ची.

आता घरपोच आहारासाठी चेहरा जुळवावा लागतो. बाळंतपणासाठी गावात मागे राहिलेल्या बाईच्या आधारला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा फडात. आई त्याला फोन लावते, "बाळा, आलेले आकडे सांग." रेंज नसली की संध्याकाळी पुन्हा लावते. बोगस नावं गाळायला पडताळणी हवी, हे मला पटतं. पण पडताळणी अडली तर त्या बाईनं काय करायचं, याचं उत्तर ॲपमध्ये नाही, आईच्या फोनमध्ये आहे.

आणि आईला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. ते लांबलं की आमच्याही घरी किराणा वहीवर यायचा. दुकानदार इतरांसमोर बाकी सांगायचा, तेव्हा आई मान खाली घालून पिशवी भरायची. प्रश्न कसा विचारू नये, हे तिला कुठल्या प्रशिक्षणात शिकवावं लागलं नाही.