कोरड्या दिवसांचं फूल

काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा बेहदाणा म्हणजे क्विन्स या फळाचं बी. त्याच कुळातलं चीन-जपानकडचं एक शोभेचं झुडूप, फ्लॉवरिंग क्विन्स, हिवाळा सरता सरता, पालवीच्याही आधी, नुसत्या काड्यांवर शेंदरी-लाल फुलतं. त्याचे फोटो पाहिले की आपल्याही अंगणात ते असावं असं वाटतं. ती ओढ मला समजते. तरीही अंधेरी-घाटकोपरच्या बागेत ते लावू नये, असंच मी म्हणेन. त्याच्या कळ्यांना नीट उमलण्याआधी कित्येक आठवडे सात-आठ अंशांखालची थंडी सोसावी लागते. सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा, तोही २२ जानेवारी १९६२ चा, एका दिवसापुरता. कुंडीत बर्फ घालूनही हे साधत नाही, कारण थंडी कळ्यांना लागते, मुळांना नव्हे.

पण मुंबईला ऋतूच नाहीत असं म्हणणं मला पटत नाही. इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मग आठ महिने जमीन वाळत जाते. इथल्या झाडांना ऋतूची चाहूल या कोरडेपणातून लागते. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पळस, पांगारा, काटेसावर पानं गाळून फुलतात ती याच दिवसांत. झुडपांमध्ये हाच स्वभाव धायटीचा. माळावर, खडकाळ उतारावर वाढणारी ही धायटी पानं विरळ झालेल्या लांब फांद्यांवर ओळीनं लालभडक, नळीसारखी फुलं धरते आणि मधासाठी शिंजीर तिच्याभोवती घुटमळत राहतात. आयुर्वेदात ती धातकी. आसव-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात. क्विन्समध्ये जे हवंसं वाटतं, काडीवरचं ते लाल फूल, ती आपल्याच हवेत देते.

कोणी म्हणेल, परदेशी झाडांना एवढा विरोध कशाला? माझा तसा विरोध नाहीच. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, देवचाफाही अमेरिकेतूनच आलेला. दोन्ही इथे रमले, कारण त्यांनाही कोरडा काळ मानवतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: धायटी नेहमीच्या नर्सरीत सहसा दिसत नाही. तरी उद्यानातून रोप किंवा फांदी आणायची नाही, कायद्यानं ते निषिद्ध आहे. देशी झाडं करणाऱ्या रोपवाटिकेत मागणी नोंदवावी. मागणारे वाढले तरच रोपं तयार होतील. ती दोन-तीन मीटर वाढते, हेही खरं. पण फुलं संपल्यावर, पावसाच्या तोंडावर छाटली तर सोसायटीच्या कुंपणाकडेला, गच्चीवरच्या मोठ्या ड्रममध्येसुद्धा आवरती राहते. ड्रमला मात्र तळाशी भरपूर भोकं हवीत. जुलैचं पाणी साचलं की मुळं कुजतात.

सगळ्यांत अवघड आहे हात आवरणं. रोज सकाळी झारीभर पाणी घालण्यात प्रेमच असतं, पण त्या पाण्यानं झुडपाचा पावसाळा संपतच नाही आणि नुसती पानं वाढत राहतात. रोप नीट रुजलं, की दिवाळीनंतर पाणी हळूहळू कमी करायचं आणि माती वरून दोन बोटं वाळल्याशिवाय झारी उचलायची नाही.