एक अंक उतरला म्हणजे दहापट



आजची नोंद शेतातली कमी आणि पोरीच्या वहीतली जास्त आहे. पण शेवटी ती ठिबकच्या ड्रिपरपर्यंतच येते, म्हणून इथं लिहितोय.

थोरली बारावी सायन्सला आहे. परवा रात्री जेवणं झाल्यावर केमिस्ट्रीचा गृहपाठ घेऊन बसली होती. गणित असं होतं : तीव्र आम्लाची दोन द्रावणं, एकाचा पीएच ४, दुसऱ्याचा ६. दोन्ही सारखीच घेऊन मिसळली तर मिश्रणाचा पीएच किती?

मी पानाला चुना लावता लावता सांगून टाकलं, "पाच. त्यात विचार कसला करायचा?"

"पप्पा, उत्तर ४.३ आहे."

"मग छापताना चुकलं असंल."

ती हसली आणि लॉग टेबल पुढं सरकवलं. ते बारीक आकड्यांचं पान बघितलं आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. १९९६ ला मीपण बारावी सायन्सच होतो. परीक्षेला कॅल्क्युलेटर चालायचा नाही, सगळं या टेबलावर. मँटिसा, अँटिलॉग, आकड्याच्या डोक्यावरचा तो बार, सगळं पाठ केलं होतं. कळलं मात्र काहीच नव्हतं. केमिस्ट्रीत कसाबसा पास झालो आणि शेतीला लागलो. तेव्हापासून आपलं सगळं गणित त्रैराशिकावर. एका पंपाला ३० मिली, तर दहा पंपाला ३००. एकरी चार पोती, तर अडीच एकराला दहा. कधी अडलं नाही.

निदान मला तरी तसं वाटत होतं.

पोरीनं मग साध्या भाषेत सांगितलं. "पप्पा, शंभरात शून्यं किती? दोन. म्हणून शंभरचा लॉग दोन. हजारचा तीन. पीएच हा असाच शून्यं मोजणारा आकडा आहे, फक्त उलटा. एक अंक उतरला की आम्लता दहापट, दोन उतरले की शंभरपट. म्हणजे ६ वाल्यात एक भाग आम्ल असेल तर ४ वाल्यात शंभर भाग. दोन्ही मिसळले तर १०१ भाग, पण पाणी दुप्पट झालं. म्हणजे साडेपन्नास. शंभराचं जवळजवळ निम्मंच झालं ना? आणि २ चा लॉग ०.३०१०. म्हणून निम्मं झालं की पीएच ०.३ नंच चढतो. ४ चा ४.३."

अठ्ठावीस-तीस वर्षं जे डोक्यात शिरलं नव्हतं ते पाच मिनिटांत शिरलं. पण मी गप्प झालो ते वेगळ्याच कारणानं. मला गेल्या वर्षीची बादली आठवली.

आमचं बोअरचं पाणी जड. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे क्षार धरतात. म्हणून गेल्या वर्षी डाळिंबाचा आंबे बहार धरायच्या आधी ठिबकला ॲसिड द्यायचं ठरवलं. पाण्याचा पीएच ४ च्या खाली आणून ते रात्रभर लॅटरलमध्ये ठेवायचं आणि सकाळी टोकं उघडून फ्लश करायचं, ही पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी १० लिटरच्या बादलीत १ मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं. मीटरवर ८.१ चा ७.० झाला. मी लगेच त्रैराशिक मांडलं : एका मिलीला एक अंक, चार अंक उतरवायचे म्हणजे ४ मिली. व्हेंच्युरी १५ मिनिटं चालवली की अडीच हजार लिटर पाणी जातं, त्याला एक लिटर ॲसिड. दिलं सोडून. शेवटच्या ड्रिपरला मीटर लावून बघायचं असतं, तेही बघितलं नाही. गणित बरोबर आहे म्हटल्यावर बघायचं कशाला?

क्षार हलले नाहीत. ऐन एप्रिलमध्ये टोकाकडच्या झाडांना पाणी कमी पडलं. मी ते भरून काढायला मध्येच जास्त पाणी सोडलं आणि त्या ओळींतली फळं तडकली. वरून दुकानदाराला जाऊन बोललो, "ॲसिड पातळ दिलंस." तो बिचारा शपथा घेत राहिला.

काल सकाळी पोरीला घेऊन तीच चाचणी पुन्हा केली. यावेळी एकेक मिली टाकत, ढवळत, मिनिटभर थांबत. मीटरनं असे आकडे दिले :

सुरुवातीला ८.१
१ मिलीला ७.०
२ मिलीला ६.६
३ मिलीला ६.३
४ मिलीला ५.९
५ मिलीला ५.३
६ मिलीला ३.२

गेल्या वर्षी मी ४ मिलीवर थांबलो होतो. म्हणजे माझं पाणी ५.९ लाच अडकलं. अर्धा लिटर ॲसिड कमी पडलं आणि त्यापायी दोन ओळींचा माल गेला.

यात चुका दोन होत्या. एक, पीएचचे अंक मी मापाच्या पट्टीसारखे सरळ धरले. दुसरी पाण्याची : आमच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आहे. टाकलेलं ॲसिड आधी तेच खातं, तोवर मीटर जागचा फारसा हलत नाही. ते संपलं की मग एका मिलीत पीएच धाडकन खाली येतो. म्हणून कुठल्याही एका थेंबावरून पुढचा हिशोब मांडता येत नाही. शेजाऱ्याचा आकडाही आपल्याला चालत नाही, कारण त्याच्या बोअरचं पाणी वेगळं.

माती परीक्षणालाही हेच लागू. एका तुकड्याचा पीएच ८.५ आणि दुसऱ्याचा ६.५ आला तर "सरासरी साडेसात, जमीन चांगली" असं म्हणून एकच खत टाकू नका. दोन तुकडे वेगळे आहेत, वेगळेच धरा.

पोरीनं सांगितलं म्हणून हेही लिहितो : पीएच ही पट्टी १९०९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेनसेन नावाच्या शास्त्रज्ञानं काढली, तीसुद्धा बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. म्हणजे ही पट्टीसुद्धा कारखान्याच्या कामातूनच आली. बारावीला हे कुणी सांगितलं असतं तर कदाचित मी पुस्तक एवढ्या लवकर मिटलं नसतं.

चाचणी करणार असाल तर हातमोजे आणि चष्मा घाला. ॲसिड पाण्यात टाका, पाणी ॲसिडात कधीच नाही. आणि शेवटच्या ड्रिपरचं पाणी मोजल्याशिवाय व्हेंच्युरी बंद करू नका.

दुपारी दुकानात जाऊन आलो. दीड लिटर ॲसिड घेतलं आणि त्याला सांगितलं, तुझं ॲसिड चांगलं होतं, माझं गणित पातळ होतं. त्यानं चहा पाजला.

तुमच्या १० लिटरला किती मिली लागलं ते खाली लिहा. पोरगी म्हणते, आकडे आले की आलेख काढून दाखवते.