आवाज गेला की आळ केबलवर

टीव्हीवर चित्र लख्ख, रिसीव्हर चालू, पण स्पीकर ढिम्म. अशा वेळी पहिला आळ केबलवर येतो आणि नवी केबल मागवली जाते. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेकदा दोन्ही यंत्रं धडधाकट असतात, त्यांची आपसातली बोलणी तेवढी फिसकटलेली असतात. 2009 साली एचडीएमआय 1.4 बरोबर एआरसीची सोय आली आणि चित्र नेणाऱ्या केबलमधूनच टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे उलटा येऊ लागला. पण त्यासाठी केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्याच पोर्टला हवी आणि सहसा सीईसीही (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू हवं. मेनूत ते सॅमसंगकडे एनीनेट प्लस, एलजीकडे सिंपलिंक, सोनीकडे ब्राव्हिया सिंक या नावांनी असतं. शिवाय टीव्ही पाठवतो तो ऑडिओ फॉरमॅट रिसीव्हरला उमगला पाहिजे. यातलं एक जरी हुकलं, तरी शांतता.

म्हणून मी आधी रिसीव्हरवर रेडिओ किंवा ब्लूटूथ लावायला सांगतो. तो वाजला, तर अॅम्प्लिफायर आणि स्पीकर निर्दोष सुटले. मग टीव्हीचं डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘ऑटो’वरून ‘पीसीएम’वर आणायचं. पीसीएम म्हणजे साधा, न आवळलेला स्टिरिओ. तो कुठल्याही रिसीव्हरला कळतो. आवाज आला, तर केबल आणि पोर्टही सुटले, भांडण फक्त फॉरमॅटचं उरलं. नाहीच आला, तर दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढून थोड्या वेळाने लावावेत. रिमोटने बंद केलेलं यंत्र स्टँडबायवर जागंच असतं, त्यामुळे अडकलेली बोलणी तशीच राहू शकतात. केबलची पाळी यानंतर.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सरळ फॅक्टरी रीसेट मारा. त्याने कधी काम भागतं, पण सगळ्या सेटिंग्ज पुसल्या गेल्यावर दोष कुठे होता ते कळत नाही आणि तो परतला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: ऑप्टिकल केबल लावा आणि मोकळे व्हा. स्टिरिओ आणि डॉल्बी डिजिटल 5.1 ती बिनतक्रार वाहून नेते, सीईसीच्या भानगडीतही पडत नाही. मात्र टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमीजास्त करणं तिच्यावरून जमत नाही आणि ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी तिच्यात मावत नाही. ट्रूएचडी टीव्हीमार्गे रिसीव्हरकडे न्यायचा, तर एचडीएमआय 2.1 मधली ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्तीच लागते. ज्यांना फक्त बातम्या आणि मालिका ऐकायच्या आहेत, त्यांनी खुशाल ऑप्टिकल लावावी. बाकीच्यांनी नव्या केबलचे पैसे मोजण्याआधी पीसीएमची फुकटातली चाचणी करावी.